गाडीचा क्लेम आणि खरी हकिकत



या महिन्यात गाडीच्या विम्याविषयी लिहीत आहोत. अपघात झाला, अल्लाहच्या मेहेरबानीनं माणसं सुखरूप राहिली, गाडी मात्र समोरून चेपली. त्यानंतरचे पंधरा दिवस बहुतेक घरांत सारखेच जातात. गॅरेजवाला म्हणतो, ‘इन्शुरन्समध्ये बसवून देतो.’ एजंट फोन उचलत नाही. घरच्यांना एवढंच ठाऊक असतं की ‘इन्शुरन्स भरलेला आहे’. कोणता भरला आहे, हे पहिल्यांदा त्या दिवशी वाचलं जातं.

कर्वेनगरहून कात्रजकडे, साताऱ्याकडे निघालेली गाडी वारज्याला महामार्गावर चढते आणि काही मिनिटांत नवले पुलाशी येते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून या पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री याच उतारावर एका अवजड मालवाहू वाहनानं पुढच्या गाड्यांना धडक दिली आणि एकापाठोपाठ एक गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. अग्निशमन दलानं नुकसान झालेल्या वाहनांचा आकडा ४८ सांगितला. एका रात्रीत ४८ मालक, आणि चूक कोणाची ते सगळ्यांना दिसत होतं. तरी दुरुस्तीचे पैसे कुठून मिळणार, याचं उत्तर प्रत्येकासाठी एकच नव्हतं. ते प्रत्येकानं आधी घेतलेल्या पॉलिसीवर ठरणार होतं.

ज्याच्याकडे फक्त ‘थर्ड पार्टी’ आहे, त्याला स्वतःच्या कंपनीकडून स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. ती पॉलिसी आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्यासाठी असते. अशा मालकानं धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीकडे मागायचं, तेही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करून. तो अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मोठ्या वाहनांच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सर्वसाधारणपणे ७,५०,००० रुपये असते आणि ती एका अपघातातल्या सगळ्या दाव्यांना मिळून असते. ४८ जणांनी सारखं वाटून घ्यायचं म्हटलं तर माणशी १५,६२५ रुपये होतात. उरलेलं त्या वाहनाच्या मालकाकडून वसूल करायचं. ते किती वर्षांत होईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

इथे आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो, विमा जायज की नाही? त्याचा फतवा देणं या सदराचं काम नाही. ज्या आलिमांवर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारावं. दोन गोष्टी मात्र आम्ही सांगू शकतो. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरी गोष्ट, मलेशियासारखं वाहनांचं तकाफुल आपल्याकडे मिळत नाही. म्हणून काही घरं विचारपूर्वक फक्त थर्ड पार्टी घेतात. तो त्यांचा निर्णय आहे आणि आम्हाला त्याचा आदर आहे. मग दुरुस्तीची रक्कमही आधीपासून बाजूला काढून ठेवावी. बाहेर ‘फुल इन्शुरन्स आहे’ म्हणून सांगायचं आणि कपाटात थर्ड पार्टीचा कागद, अशी घरं मात्र आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. मासिक खाली ठेवून आत्ताच कागद काढून बघा. प्रीमियमच्या तक्त्यात ‘ओन डॅमेज’ या नावापुढे रक्कम नसेल, तर स्वतःच्या गाडीचं संरक्षण तुमच्याकडे नाही.

आता ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याविषयी.

धडक झाल्यावर पहिलं काम माणसांचं. कोणी जखमी असेल, मग तो समोरचा का असेना, त्याला दवाखान्यात पोहोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. विमा कंपनीला कळवणंही त्याच कलमात येतं. त्यानंतर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. लांबून एक, ज्यात रस्ता आणि दोन्ही गाड्या दिसतील; जवळून दोन-चार, ज्यात दोन्ही नंबर प्लेट दिसतील. समोरच्याची पॉलिसी आणि लायसन्स यांचाही फोटो घ्यावा. कंपनीच्या नंबरवर त्याच दिवशी फोन करावा आणि मिळालेला क्लेम नंबर लिहून ठेवावा. कोणी जखमी नसेल, दुसऱ्याचं नुकसान नसेल, आपलीच गाडी खांबावर गेली असेल, तर बहुतेक कंपन्या एफआयआर मागत नाहीत. तरी फोनवर विचारून घ्यावं.

कंपनीला कळवायला दोन दिवस उशीर झाला म्हणून आपला हक्क बुडाला असं समजू नये. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०११ सालीच कंपन्यांना बजावलं आहे की क्लेम खरा असेल आणि उशिराला कारण असेल, तर केवळ उशिरावर बोट ठेवून तो नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये ओम प्रकाश खटल्यात हेच धरलं.

उशिरापेक्षा क्लेम जास्त बिघडतो तो हकिकत बदलल्यानं. समजा, कर्वेनगर चौकात गाडी घासली तेव्हा गाडी धाकटा मुलगा चालवत होता आणि त्याच्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. घरात लगेच सल्ला निघतो, ‘अब्बांचं नाव लिहा, त्यांचं लायसन्स पक्कं आहे.’ चाचा म्हणतात, सगळे असंच करतात. फॉर्मवर अब्बांचं नाव जातं. सर्व्हेयर येतो, फोटो बघतो, चौकातल्या दुकानदाराला विचारतो. अब्बा त्या वेळी नमाजला गेलेले असतात आणि मोहल्ल्यातल्या चार माणसांना ते ठाऊक असतं. शिकाऊ लायसन्सवाला मुलगा पक्कं लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला शेजारी बसवून, ‘एल’ची पाटी लावून चालवत असेल, तर ते नियमात बसतं आणि क्लेम मागता येतो. म्हणजे जिथे खरं लिहून पैसे मिळाले असते, तिथे खोटं लिहून ते घालवले जातात. वर कंपनीच्या दफ्तरी नाव खराब होतं ते निराळंच. मुलगा अठराच्या आतला आणि बिनलायसन्सचा असेल, तर क्लेमची आशा सोडावी. त्यात पालकालाच शिक्षा आहे, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तिथे अब्बांचं नाव लिहिणं म्हणजे एका गुन्ह्यावर दुसरा.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार करायला सांगितलं आहे. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत आहे. लिहिण्याला आपल्याकडे एवढं महत्त्व असताना आपण क्लेमचा फॉर्म कोरा सही करून गॅरेजवाल्याच्या हाती देतो, याचं आम्हाला नवल वाटतं. ‘अपघात कसा झाला’ हा रकाना स्वतःच्या हातानं भरावा. मराठीत चार सरळ वाक्यं लिहिली तरी चालतात. त्याचा फोटो आपल्याजवळ ठेवावा.

अपघातानंतर गाडी चालू होते म्हणून ती चालवत घरी नेऊ नये. पॉलिसीत स्पष्ट अट असते की दुरुस्तीपूर्वी गाडी वापरली आणि त्यामुळे बिघाड वाढला, तर तो मालकाच्या माथी. उंच स्पीडब्रेकरवर चेंबर फुटतो, ऑइल गळत राहतं, आणि ‘घर इथेच तर आहे’ म्हणत दोन किलोमीटर चालवलं की इंजिन जाम होतं. चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनचे मिळत नाहीत. पाण्याचंही तसंच. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर राजाराम पुलाच्या पलीकडे, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पुरानं झालेलं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. पण पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं, तर इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसताना कंपनी ते देत नाही. टोइंगवाल्याला बोलवावं. साध्या पॉलिसीत ओढून नेण्याचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात. पावती मागून घ्यावी.

सर्व्हे होईपर्यंत गॅरेजमध्ये एक स्क्रूसुद्धा काढू देऊ नये. क्लेम ५०,००० रुपयांचा किंवा जास्त असेल, तर परवानाधारक सर्व्हेयरचा सर्व्हे लागतोच. आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेयर नेमला जावा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यापुढे ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यावा. या तीन मुदती फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत. सर्व्हेयर येईल तेव्हा घरातलं कोणीतरी गॅरेजमध्ये हजर असावं आणि त्याच्या अंदाजाची प्रत मागावी. भाभी, बहिणी, ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी स्वतः जावं. गाडीचं काय कळतं, असा संकोच नको. तिथे फक्त कोणता भाग बदलणार आणि कोणता ठोकून सरळ करणार, एवढंच विचारायचं असतं.

बिल आणि मिळालेली रक्कम यांत अंतर का पडतं, हेही एकदा आकड्यांत पाहू. गाडी साडेचार वर्षांची आहे, इंजिन १,५०० सीसीच्या आतलं आहे, जीएसटी बाजूला ठेवू. बंपर ८,०००, हेडलाइट १२,०००, बोनेट आणि फेंडर मिळून १५,०००, पुढची काच ७,०००, रंगकाम १२,०००, मजुरी १०,०००. एकूण ६४,०००. आता घसारा, ज्याला कंपनी डेप्रिसिएशन म्हणते. प्लॅस्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के कापतात. बंपरचे ४,००० आणि हेडलाइटचे ६,००० गेले. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, म्हणजे ५,२५०. काचेवर घसारा नाही. रंगकामात एक चतुर्थांश रक्कम मालाची धरतात आणि तिच्या निम्मे कापतात, म्हणजे १,५००. मजुरी पूर्ण मिळते. सगळी कपात १६,७५० झाली. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये सक्तीनं स्वतः भरायचे १,००० रुपये (१,५०० सीसीच्या वर ते २,००० असतात). कंपनीनं ४६,२५० दिले, आपण १७,७५० भरले. यात कोणी लबाडी केलेली नाही, हिशेबच तसा आहे. ‘झिरो डेप’ घेतलेलं असेल तर १६,७५० ची कपात टळते. त्याचा प्रीमियम जास्त असतो, बहुतेक कंपन्या वर्षाला किती क्लेम घेता येतील यावर बंधन घालतात, आणि गाडी जुनी झाली की ते सहसा मिळत नाही.

किरकोळ नुकसानीचा क्लेम करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढत जाते आणि एका क्लेमनं शून्यावर येते. समजा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ९,००० आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला तुम्हाला ५० टक्के मिळणार होते. क्लेम केलात तर पुन्हा ५० वर पोहोचेपर्यंत पाच नूतनीकरणांत मिळून ११,२५० रुपये जास्त जातात, प्रीमियम तेवढाच राहिला असं धरून. ६,००० रुपयांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी ते कोण करील? पण गॅरेजवाला हा हिशेब सांगत नाही. त्याला काम हवं असतं.

त्याचा दुसराही एक प्रस्ताव असतो. ‘क्लेम होतोच आहे, तर मागच्या दाराचा जुना पोचा पण यातच काढून घेऊ.’ पुढून बसलेल्या धडकेत मागचं दार कसं चेपलं, याची गोष्ट मग तोच रचतो. कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो, असं म्हटलं जातं. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात अल-मुतफ्फिफीन नावाची सूरह आहे. घेताना पुरेपूर आणि देताना कमी, हा तिचा विषय. विम्याला जायज-नाजायज विचारणाऱ्या घरात या पोच्याविषयी मात्र कोणी मसला विचारत नाही. दुनियेच्या बाजूनंही तो तोट्याचाच आहे. गंजलेला जुना पोचा सर्व्हेयर लगेच ओळखतो, आणि एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या बंपरवरही शंका येते.

वापराबद्दलही तसंच. आपली खाजगी गाडी नातेवाइकांच्या निकाहला दिली तर बिघडत नाही. भाडं घेऊन दिली तर पॉलिसीची अट मोडते. तशा वेळीही कंपनीनं सरसकट शून्य देऊ नये, काही भाग द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अमलेंदू साहू खटल्यात सांगितलं आहे. असे क्लेम ७५ टक्क्यांपर्यंत तोडले जातात. पूर्ण रकमेवर मात्र पाणी सोडावं लागतं.

कंपनीनं कमी दिले किंवा नाकारले तर कारण लेखी मागावं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे; कर्वेनगरहून तासाभराचंही काम नाही. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे निर्णय ते देतात आणि कंपनीवर ते बंधनकारक असतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं. आयआरडीएआयचा १५५२५५ हा नंबरही आहे. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर, रक्कम मान्य नसेल तर, तसं लिहूनच सही करावी.

नावाचा एक मुद्दा राहिला आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जुनी गाडी विकत घेतलीत तर थर्ड पार्टी संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, ओन डॅमेज येत नाही. कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव चढवावं लागतं. त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. मित्राची गाडी होती, त्याच्याच नावावर इन्शुरन्स चालू आहे, असं म्हणणाऱ्याला धडक झाल्यावर कोणीच पैसे देत नाही. मित्राची गाडी उरलेली नसते आणि तुमच्या नावाची पॉलिसी नसते.

आणि गाडी ज्यांच्या नावावर होती तेच गेले तर? पॉलिसीतली अट अशी आहे की एकट्या मालकाचा इंतिकाल झाल्यावर पॉलिसी लगेच बंद पडत नाही. ती मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, चालू राहते. तेवढ्या काळात वारसांनी मृत्यूचा दाखला, गाडीवरच्या हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून मागायची असते. आरटीओचंही असंच आहे. ३० दिवसांच्या आत मृत्यू कळवायचा आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा.

आपल्या घरांत काय होतं? बेवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. घरात सगळे म्हणतात, इद्दत संपू द्या, मग कागदांचं बघू. आत्ता तिला त्रास नको. हेतू चांगलाच असतो. पण इद्दत संपते तेव्हा पॉलिसीचे तीन महिने उलटून महिना झालेला असतो. मधल्या काळात मुलगा तीच गाडी घेऊन शाळा, बाजार, दवाखाना करत असतो, कधी तरी कुठे तरी ठोकते, आणि क्लेमच्या फॉर्मवर विमाधारक म्हणून मरहूमांचं नाव लिहायची वेळ येते. प्रीमियम भरलेला असतो, गाडीही तीच असते, पण कंपनीला मान्य होईल असा मालकच कागदावर नसतो.

या कामांसाठी बेवेनं घराबाहेर पडायची गरज नाही. सह्या घरी होतात, फॉर्म मुलगा किंवा भाऊ नेऊन देतो, कंपनीला ईमेल जातो. सगळ्या वारसांची संमती मात्र हवी. गाडी हा तरक्याचा भाग आहे. त्यात बेवेचा, मुलींचा आणि हयात असतील तर आई-वडिलांचाही हिस्सा आहे. बहिणीकडून ‘असंच सही कर’ म्हणून सही घेऊ नये. गाडीची किंमत काढावी, कोणाच्या नावावर ठेवायची ते ठरवावं, बाकीच्यांच्या हिश्श्याचं लिहून द्यावं आणि मग संमतीपत्र करावं. चाळिसाव्याच्या जेवणाची यादी करायला ज्या दिवशी सगळे भाऊ-बहीण एकत्र बसतात, त्याच दिवशी गाडीची फाइलही त्या बैठकीत उघडता येते. तोवर तीन महिन्यांतले पन्नास दिवस शिल्लक असतात.